आठवीच्या वर्गात १७८७चा उन्हाळा

प्रिय ताई,

मी मूळची साताऱ्याची. तिथल्या एका हायस्कूलमध्ये नऊ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आलो. मुलं जरा मोठी झाल्यावर मी इथलं शिक्षिकेचं सर्टिफिकेट मिळवलं आणि आता सप्टेंबरपासून एका मिडल स्कूलमध्ये आठवीला अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास आणि राज्यव्यवस्था शिकवायची आहे, वसाहतींपासून बिल ऑफ राइट्सपर्यंत, म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांपर्यंत. अफजलखानाचा प्रसंग मी पुस्तक न उघडता तासभर सांगू शकते. जॉर्ज वॉशिंग्टन तसा सांगता येत नाही, तो आतून येतच नाही. निवडीच्या वेळी नमुना तास घ्यायला लावला, तेव्हा एका मुलाने विचारलं, "वॉशिंग्टनकडे गुलाम होते ना? मग आम्ही त्याला मोठा का म्हणायचं?" मी "त्यावर नंतर बोलू" म्हणून वेळ मारून नेली. दुसरा म्हणाला, "तुम्ही इथल्या शाळेत गेला नाहीत ना?" प्रिन्सिपॉलनी बजावलंय की या विषयावर दोन्ही बाजूंच्या पालकांच्या तक्रारी येतात, सांभाळून घ्या. मला रात्री झोप लागत नाही. 'त्यांचा' इतिहास मी कसा शिकवू?

– एक बाई, मध्य न्यू जर्सी

* * *

बाई,

नऊ वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलात, म्हणून हीच हाक मारते. मी नाशिकहून आले आणि बावीस वर्षं याच राज्यात मिडल स्कूलला सोशल स्टडीज शिकवून निवृत्त झाले. तुमची झोप का उडाली आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

आधी अफजलखानाबद्दल बोलू. तो प्रसंग तुम्हाला चांगला सांगता येतो, त्याचं श्रेय तुम्ही जन्माला देता. मला ते पटत नाही. साताऱ्यात जन्मलेल्या कितीतरी शिक्षकांनी हाच धडा रटाळ करून दाखवला आहे. तुम्ही तो सांगताना वर्गाला प्रतापगडाच्या पायथ्याशी नेऊन उभं करत असणार. शेवट सगळ्या वर्गाला पाठ असतो, पण शामियान्यात पाऊल टाकताना महाराजांना तो ठाऊक नव्हता, हे तुम्ही मुलांना विसरू देत नसणार. कसब तिथे आहे आणि ते तुम्ही विमानात बसताना मागे ठेवून आलेला नाही.

अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकवताना सगळीकडे नेमकं हेच हरवतं. मुलांना उत्तर आधी सांगितलं जातं: दोन सभागृहं, तीन शाखा, दहा हक्क. मग रिकाम्या जागा भरायच्या, क्विझ द्यायची आणि जूनपर्यंत विसरून जायचं. माझा सल्ला मुळात एकच आहे. पेच आधी, उत्तर नंतर. १७८७च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जमलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, पण जमताना त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मुलांनाही काही वेळ ते माहीत नसू द्या.

ते कसं करायचं ते नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या वर्षाचा कणा हाच आठवडा असे.

पहिल्या तासाला फक्त परिस्थिती सांगा. युद्ध संपलं आहे, तेरा राज्यं आहेत, मध्यवर्ती सरकारला कर लावायचा अधिकार नाही, सैनिकांचे पगार थकले आहेत. जुना करार दुरुस्त करायला म्हणून ५५ प्रतिनिधी येतात. ऱ्होड आयलंड कोणालाच पाठवत नाही. बोलणं बाहेर फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि दाराशी पहारा. सगळ्यात वयस्कर बेंजामिन फ्रँकलिन, ८१ वर्षांचा. सगळ्यात लहान २६ वर्षांचा जॉनथन डेटन, तो आपल्या न्यू जर्सीचा. ही दोन वयं मुलांच्या लक्षात राहतात. का कोण जाणे, पण दरवर्षी राहतात.

दुसऱ्या दिवशी टेबलं लावा. प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी, तिच्यावर राज्याचं नाव नाही, फक्त लोकसंख्या. १७९०ला पहिली जनगणना झाली तिचे आकडे वापरा: व्हर्जिनिया सुमारे ७ लाख ४७ हजार, न्यू जर्सी १ लाख ८४ हजार, डेलावेअर फक्त ५९ हजार. प्रश्न एकच लिहा: नव्या संसदेत कोणाला किती मतं? आणि बाजूला व्हा. पाच मिनिटांत मोठं टेबल म्हणतं, माणसं जास्त तर मतं जास्त. छोटं टेबल म्हणतं, आम्हीही राज्यच आहोत, सगळ्यांना सारखी. दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त आहे, आणि ते मुलांना स्वतःला जाणवतं, तेव्हा आवाज चढतात. माझ्या वर्गात जवळजवळ दरवर्षी एखादं छोटं टेबल "आम्ही निघालो" म्हणून खुर्च्या मागे सारून उभं राहायचं. मग मी त्यांना सांगायची की डेलावेअरच्या गनिंग बेडफर्डने ३० जूनला भर सभेत हेच केलं होतं: मोठी राज्यं ऐकणार नसतील तर छोटी राज्यं एखाद्या परदेशी सत्तेचा हात धरतील.

यानंतर व्हर्जिनियाची योजना आणि न्यू जर्सीची योजना वाचायला द्या, पहिली मोठ्या टेबलाची बाजू, दुसरी छोट्याची. त्या मांडणारे एडमंड रँडॉल्फ आणि विल्यम पॅटरसन ही मग पुस्तकातली दोन नावं राहत नाहीत, मुलांना आपल्याच टेबलावरची माणसं भेटतात. पॅटरसन शहर मुलांनी पाहिलेलं असतं, ते या माणसाच्या नावाचं आहे हे माहीत नसतं. शेवटी १६ जुलैचं मतदान सांगा. हाउसमध्ये लोकसंख्येप्रमाणे आणि सिनेटमध्ये सारखी मतं, ही तडजोड पाच विरुद्ध चार अशी, एका मताने तरली. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी दुभंगले म्हणून त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. "एका मताने?" असा सूर वर्गातून निघाला की समजा, धडा पोचला.

पण बाई, इथे थांबू नका. पुष्कळ शिक्षक इथे थांबतात आणि तीन-पंचमांशाची तडजोड, म्हणजे जागा वाटताना गुलामांची संख्या तीन-पंचमांशच धरायची, ही एका वाक्यात उरकतात. तुमच्या त्या मुलाचा वॉशिंग्टनबद्दलचा प्रश्न खरं तर इथे उभा राहतो.

मुलांना विचारा: प्रतिनिधी ठरवताना गुलाम माणसं मोजायची की नाही? आठवीतलं प्रत्येक चांगलं मूल म्हणतं, "अर्थात मोजायची, पूर्ण मोजायची, तीही माणसंच आहेत." ते फळ्यावर लिहून ठेवा. मग दुसरा प्रश्न: त्या सभेत "पूर्ण मोजा" कोण म्हणत होतं? मुलं चाचपडतात. उत्तर आहे, गुलाम बाळगणारी दक्षिणेकडची राज्यं. कारण ती माणसं मोजली गेली तर जागा वाढणार होत्या, आणि मत मात्र मालकच देणार होते. त्यांना मोजायला विरोध करणारे उत्तरेकडचे होते. हे कळल्यावर वर्ग एकदम गप्प होतो. ती शांतता बोलून मोडू नका.

मग गणित करू द्या. १७९०मध्ये न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या सुमारे १ लाख ४२ हजार, त्यात गुलाम दोनशेसुद्धा नाहीत. साउथ कॅरोलायनात स्वतंत्र माणसं जवळजवळ तितकीच, १ लाख ४२ हजार, आणि शिवाय गुलामगिरीतली १ लाख ७ हजार. त्यांचे तीन-पंचमांश म्हणजे ६४ हजार. या जनगणनेनंतर हाउसमध्ये न्यू हॅम्पशायरला ४ जागा मिळाल्या, साउथ कॅरोलायनाला ६. त्या दोन जादा जागा कोणाच्या अंगावर उभ्या होत्या, हे मुलांनी स्वतःच्या पेन्सिलीने काढलेलं असतं. मग त्यांना राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द शोधायला सांगा. सापडत नाही. तिथे 'इतर व्यक्ती' असं लिहिलंय. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत पहिल्यांदा येतो तो १८६५च्या तेराव्या दुरुस्तीत, ती रद्द करताना. त्या ५५ जणांनी शब्द का टाळला असेल? यावर एक परिच्छेद लिहून आणायला सांगा. माझ्या अख्ख्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं मुलांचं लेखन मला या प्रश्नावर मिळालं.

आता वॉशिंग्टन. त्या मुलाला "नंतर बोलू" म्हणालात त्याचं मनाला लावून घेऊ नका, पण 'नंतर' खरंच आलं पाहिजे. आणि तेव्हा "त्या काळी तसंच चालायचं" हे उत्तर मात्र कधीही देऊ नका. ते खोटं आहे. गुलामगिरी चूक आहे हे त्या काळातल्या पुष्कळ माणसांना ठाऊक होतं. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाने १७८०मध्येच गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला. त्यातल्या तरतुदीनुसार बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिन्यांहून जास्त तिथे राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकत होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहत असताना सहा महिने भरायच्या आत आपल्या नोकरवर्गातल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. म्हणजे कायदा त्यांना माहीत होता आणि पळवाटही.

त्या घरात ओना जज नावाची तरुणी होती, मार्था वॉशिंग्टनची दासी. मे १७९६मध्ये, घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघाली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी तिला परत आणायचा प्रयत्न केला. ती आली नाही. १८४८मध्ये ती वारली, कायद्याच्या नजरेत अखेरपर्यंत पळून गेलेली गुलामच, पण स्वतःच्या घरात. म्हातारपणी तिने वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या, त्या वर्गात वाचता येतात. आज लिबर्टी बेल ठेवली आहे त्या इमारतीच्या दारातच ते राष्ट्राध्यक्षांचं घर होतं. सहल नेणार असाल तर घंटेबरोबर ती जागाही दाखवा.

याचा अर्थ वॉशिंग्टनना खलनायक करा असाही नाही. युद्ध जिंकल्यावर हातातलं सैन्य घेऊन सिंहासनावर बसणं सोपं होतं. १७८३च्या डिसेंबरात त्यांनी अ‍ॅनापोलिसला काँग्रेससमोर सेनापतिपद परत केलं. दोन कार्यकाळांनंतर स्वतःहून घरी गेले. मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीच्या १२३ माणसांना मुक्त करायचं लिहून ठेवलं. ओना त्यात नव्हती, ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. ही सगळी कागदं मुलांपुढे ठेवा आणि त्या मुलाला म्हणा, "तुझा प्रश्न मी विसरले नव्हते. हे घे. आता तू लिही." तेरा वर्षांचं मूल दोन खऱ्या गोष्टी एकदम मनात धरू शकतं. मोठ्यांना ते जड जातं.

एक व्यक्ती आणखी आणा: एलिझाबेथ फ्रीमन, तेव्हाचं नाव बेट. मॅसॅच्युसेट्सच्या १७८०च्या घटनेत सगळी माणसं जन्माने स्वतंत्र आणि समान आहेत असं लिहिलं होतं. ते तिच्या कानावर पडलं. ती वकिलाकडे गेली, १७८१मध्ये दावा लावला आणि जिंकली. वाचता न येणाऱ्या बाईने ते वाक्य लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त मनावर घेतलं. मोठं कोणाला म्हणायचं, या प्रश्नाला ती वर्गात नवीन तोंड फोडते.

एक ताकीद देते, ती कडक आहे. गुलामगिरीचं नाटक वर्गात करायचं नाही. कोणी मालक, कोणी गुलाम, कोणी लिलाव पुकारणारा, असले खेळ कोणी 'अनुभवातून शिक्षण' म्हणून सुचवलं तरी नाही म्हणा. एखाद्या काळ्या मुलाला सगळ्यांदेखत ती जागा घ्यायला लावणं ही इजा आहे, तिचं शिक्षण होत नाही. त्याऐवजी त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या, पळालेल्या माणसांना पकडून देण्याच्या जाहिराती वाचा. मालकाने लिहिलेल्या त्या चार ओळींत माणूस दिसतो: त्याला कोणती भाषा येते, तो व्हायोलिन वाजवतो, सुतारकाम जाणतो, पाठीवर वळ आहेत, बायको दुसऱ्या गावी विकली गेली आहे म्हणून तिकडे गेला असेल. प्रतिनिधींचं नाटक चालतं, करांचंही चालतं. माणसाच्या मालकीचं चालत नाही.

करांवरून आठवलं. एका मुलाला राजा करून बाकीच्यांच्या गोळ्या कर म्हणून काढून घेण्याचा खेळ तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. मजा येते. पण त्यातून मुलं एवढंच शिकतात की कर फार होते म्हणून बंड झालं. ते बरोबर नाही. वसाहतीतला माणूस ब्रिटनमधल्या माणसापेक्षा बराच कमी कर भरत होता. १७६५च्या स्टॅम्प अ‍ॅक्टवरचा, म्हणजे छापील कागदांवर लावलेल्या करावरचा राग रकमेचा नव्हता, न विचारता घेण्याचा होता. खेळ करायचाच तर शेवटी प्रत्येकाला त्याच्या गोळ्या परत द्या, वर एक जादा द्या, आणि विचारा, "आता राग गेला का?" तुमची काही मुलं नाही म्हणतील. त्यांना तिथून थेट बोस्टनच्या बंदरावर न्या, कारण १७७३मध्ये झालं ते जवळपास असंच. टी अ‍ॅक्टने चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता.

आणि इथे, बाई, तुमची पाळी येते. त्या दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

तो चहा कोणाचा होता? ईस्ट इंडिया कंपनीचा. (चहा चीनचा. आपल्या घरची मुलं तो आसामचा समजतात, तर तेव्हा तिथे मळे नव्हतेच.) कंपनी तेव्हा बुडायला आली होती. १७७०च्या बंगालच्या भीषण दुष्काळात माणसं मेली, महसुलाची घडी विस्कटली आणि १७७२मध्ये कंपनीने सरकारपुढे हात पसरला. १७७३मध्ये पार्लमेंटने तिच्यासाठी दोन कायदे केले. एक टी अ‍ॅक्ट, साठलेला चहा अमेरिकेत खपावा म्हणून. दुसरा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, जो तुम्ही साताऱ्यात फळ्यावर लिहिलाय. एकच वर्ष, एकच पार्लमेंट, एकच कंपनी. एका कायद्यामुळे चिडलेल्या बोस्टनकरांनी १६ डिसेंबरच्या रात्री चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, दुसऱ्याने वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. इथे वाढलेल्या किती शिक्षकांना ही दोन पानं शेजारी ठेवता येतील?

ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसही तसाच. इथल्या पुस्तकात तो ऑक्टोबर १७८१ला यॉर्कटाउनला शरण येतो आणि नाहीसा होतो. तुम्हाला ठाऊक आहे तो कुठे गेला. पाच वर्षांत गव्हर्नर जनरल, मग टिपूविरुद्धची मोहीम, तीही पेशव्यांच्या फौजा सोबत घेऊन, मग बंगालचा कायमधारा, आणि शेवटी गाझीपूरला कबर. यॉर्कटाउनच्या धड्याच्या शेवटी मी जगाचा नकाशा खाली ओढून हे सांगायची. ज्या मुलांना हा विषय आपला वाटत नसे, तीही पुढे सरकून बसत.

अजून एक धागा तुमच्या मनासाठी देते, वर्गात वापरा की नको ते तुम्ही ठरवा. १७७६च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं सैन्य न्यू जर्सीतून मागे हटत होतं तेव्हा थॉमस पेन त्याच्याबरोबर होता, आणि सैनिकांचा धीर टिकावा म्हणून त्याने पत्रक लिहिलं. पुढे त्याचं घर बॉर्डनटाउनला होतं, तुमच्यापासून फार लांब नाही. याच पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. आणि १८७३मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्यासाठी. तुम्ही 'त्यांचा' इतिहास म्हणता. जोतीरावांनी तो दीडशे वर्षांपूर्वी आपल्या घरात आणून ठेवला.

राज्यव्यवस्थेबद्दल थोडक्यात, पण एक धोक्याची जागा आहे. पहिल्या वर्षी मी वर्गात सहज म्हणून गेले की सिनेटर निवडून आले की त्यांच्यातून राष्ट्राध्यक्ष मंत्री निवडतो. एका मुलीने पहिल्या कलमाचा सहावा भाग उघडून दाखवला: सरकारी पद घेतलेला माणूस काँग्रेसचा सदस्य राहूच शकत नाही. मला फार लाज वाटली आणि मी तिचे आभार मानले. आपली घडण संसदीय आहे, पंतप्रधान संसदेतून येतो आणि संसदेचा विश्वास गेला की जातो. इथे दोघं वेगळे निवडून येतात, वेगळे उभे असतात, आणि एकमेकांना अडवता यावं म्हणूनच तसं रचलं आहे. तुमच्या तोंडून नकळत जिथे जिथे भारताची रचना निघेल, त्या जागा या उन्हाळ्यात शोधून ठेवा.

तीन शाखांचं झाड काढून भिंतीवर लावण्यापेक्षा मुलांच्या दप्तरापासून सुरुवात करा. शब्दशः दप्तरापासून. १९८०मध्ये इथल्याच पिस्कॅटवेच्या हायस्कूलमध्ये चौदा वर्षांच्या मुलीची पर्स शाळेने तपासली, सिगारेटच्या संशयावरून. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८५च्या निकालात कोर्ट म्हणालं, विनाकारण झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती शाळेलाही लागू आहे, पण शाळेला वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरे. वर्गाला निकाल सांगायच्या आधी न्यायाधीश होऊ द्या. दुसरं प्रकरण मेरी बेथ टिंकरचं, आयोवातली आठवीतलीच मुलगी, १९६५मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी दंडाला बांधून शाळेत आली म्हणून घरी पाठवली. १९६९ला ती जिंकली. आणि घटनेत 'शाळा' किंवा 'शिक्षण' हा शब्द शोधायला लावा. तोही सापडणार नाही. मग आपली शाळा चालवतं कोण? राज्य आणि तुमच्या गावचं बोर्ड ऑफ एज्युकेशन, ज्याची सभा सगळ्यांना खुली असते आणि जिथे कोणीही उठून बोलू शकतं. वर्षातून एकदा वर्गाला तिथे न्याच. न्यू जर्सीने २०२१च्या कायद्याने मिडल स्कूलला नागरिकशास्त्र सक्तीचं केलं आहे, तेव्हा शाळेकडे वेळ मागायला तुम्हाला आधारही आहे. तो कायदा लॉरा वूटन यांच्या नावाने ओळखतात. मतदान केंद्रावर त्यांनी ७९ वर्षं काम केलं. पहिल्या दिवशी त्यांच्याबद्दल सांगायला विसरू नका.

हे राज्य तुम्हाला आणखी एक देणगी देतं. १७७६च्या न्यू जर्सीच्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं. बायकांना, स्वतंत्र काळ्या माणसांनाही. पुढच्या कायद्यात तर 'तो किंवा ती' असं स्पष्ट लिहिलं. विधवा आणि अविवाहित बायका खरोखर मत द्यायच्या. १८०७मध्ये ते काढून घेतलं, फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. मुलांना वाटत असतं की हक्क एकदा मिळाले की वाढतच जातात. त्यांच्याच गावात, त्यांच्याच नदीकाठी ते परत घेतले गेले, हे त्यांना माहीत असायला हवं.

मूळ रहिवासी पहिल्या धड्यात येतात, मका देतात आणि पुस्तकातून गायब होतात. तुम्ही त्यांना वर्षभर वर्गात ठेवा. तुमची शाळा लेनापे लोकांच्या भूमीवर उभी आहे. नव्या अमेरिकेने मूळ राष्ट्राशी केलेला पहिला लेखी करार, फोर्ट पिटचा, १७७८चा, त्यांच्याशीच होता, आणि त्यांचं एक वेगळं राज्य होऊन काँग्रेसमध्ये प्रतिनिधी येईल अशी शक्यता त्यात लिहिली होती. तसं काही झालं नाही. लेनापेंचे वंशज आज बहुतांशी ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडात आहेत, तिथे ते कसे पोचले हा एक आख्खा आठवडा होऊ शकतो.

पालकांचं भय आहे त्याला माझा एकच उपाय होता. गुलामगिरीचा भाग सुरू करायच्या दहा दिवस आधी घरी पत्र पाठवायचे: अमुक कागद वाचणार आहोत, सोबत प्रती जोडल्या आहेत, तुम्हीही वाचा. एक वडील तक्रार करायला आले, तेव्हा मी घटनेचा तो उतारा आणि त्यांच्या मुलाने केलेलं साउथ कॅरोलायनाचं गणित पुढे ठेवलं. त्यांनी गणित दोनदा तपासलं. पुन्हा आले नाहीत. स्वतःचं राजकारण वर्गात आणू नका, आणि कागद वर्गाबाहेर ठेवू नका. या दोन्हीवर ठाम राहिलात तर प्रिन्सिपॉलना तुमची बाजू घ्यायला जागा राहते.

सनावळ्या? थोड्या पाठ करून घ्याच, त्यात कमीपणा नाही. १६०७ (पहिली टिकलेली इंग्रज वसाहत), १६१९, १७७६ (स्वातंत्र्याची घोषणा), १७८७ (राज्यघटना), १७९१ (बिल ऑफ राइट्स). इथले काही सहकारी नाक मुरडतील. पण खुंटीच नसेल तर सदरा टांगणार कुठे? १६१९ला दोनदा टांगा: त्या एका उन्हाळ्यात व्हर्जिनियात पहिली लोकनियुक्त सभा भरली आणि गुलाम केलेली पहिली आफ्रिकन माणसं तिथल्या किनाऱ्यावर उतरवली गेली. सभा जुलैअखेर, जहाज ऑगस्टअखेर. मुलांना या दोन तारखा एका ओळीत लिहायला लावा आणि पुढचं वर्षभर ती ओळ फळ्याच्या कोपऱ्यात पुसू देऊ नका.

आणि तो दुसरा मुलगा, "तुम्ही इथल्या शाळेत गेला नाहीत ना?" म्हणणारा. त्याला पहिल्याच दिवशी उत्तर द्या. नाही, मी गेले नाही. तुझ्या वयाची असताना मी दुसऱ्या एका देशाची घटना शिकले, तिची सुरुवातही "आम्ही, भारताचे लोक" अशीच होते, आणि ती लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यूयॉर्कला कोलंबियात शिकून गेले होते. मग बाबासाहेबांचं नाव फळ्यावर लिहा. आपल्या उद्देशिकेची पहिली ओळ त्यांच्या पहिल्या ओळीशेजारी लिहा, मराठीत लिहा, आणि काय काय सारखं दिसतंय ते विचारा. त्यांना आपली अक्षरं वाचता येणार नाहीत. त्यांनी विचारल्यावर तुम्ही वाचून दाखवा.

सप्टेंबरचा पहिला आठवडा संपला की मला लिहा. तो काय म्हणाला ते मला ऐकायचं आहे.

– ताई